मेंडोसिनोचा तलाव आणि तारखेच्या हिशेबाने सोडलेले पाणी

डिसेंबर 2012 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील युकाया या लहान शहराजवळच्या कायोटी व्हॅली धरणात मोठ्या पावसाचे पाणी आले आणि हिवाळ्यात तलावात जेवढा साठा ठेवण्याची परवानगी होती त्याच्या वर पातळी गेली. धरण चालवणाऱ्या अभियंत्यांनी नियमपुस्तिकेप्रमाणे वरचे पाणी नदीत सोडून दिले, कारण पुढचा पूर सामावून घेण्यासाठी ती जागा रिकामी ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक होते. पुढचा पूर आलाच नाही. 2013 हे कॅलिफोर्नियाच्या नोंदीतील सर्वात कोरडे वर्ष ठरले, आणि वर्ष संपताना त्याच तलावाचा तळ उघडा पडू लागला. कोणाची चूक झाली असे म्हणता येत नव्हते. प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे केले होते, आणि तरीही हजारो लोकांचे पिण्याचे व शेतीचे पाणी समुद्राला मिळाले होते.

या प्रकरणाचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणासाठी. धरणाविषयी आपण बोलतो तेव्हा भिंतीची उंची, साठवणक्षमता, दरवाजे, विसर्ग यांविषयी बोलतो. ती भिंत ज्या परिचालन सूचीनुसार, म्हणजे कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा हे सांगणाऱ्या तक्त्यानुसार, चालते तिच्याविषयी फारसे बोलत नाही. कायोटी व्हॅलीत भिंतीत काहीही बदल न करता केवळ सूची बदलून पाणी वाचवता आले. पण त्यासाठी सहा-सात वर्षे लागली, आणि सूची बदलल्यानेही सर्व प्रश्न सुटले नाहीत.

धरण आणि त्याचे दोन धनी

कायोटी व्हॅली धरण हे रशियन नदीच्या पूर्व शाखेवरचे मातीचे धरण आहे. उंची 160 फूट, लांबी साधारण 3,500 फूट. त्यामागे साठलेल्या पाण्याला मेंडोसिनो तलाव म्हणतात. 1950 च्या पूरनियंत्रण कायद्याने अमेरिकी संसदेने त्याला मंजुरी दिली आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियंता दलाने ते 1950 च्या दशकाच्या अखेरीस बांधून पूर्ण केले. आजची एकूण क्षमता सुमारे 1,16,500 एकर-फूट आहे. एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट. आपल्या हिशेबात ही क्षमता पाच टीएमसीच्या थोडी वर जाते. म्हणजे पुण्याच्या टेमघर धरणापेक्षा मोठे आणि पानशेतच्या निम्म्याहूनही लहान. अमेरिकेतील संघराज्य सरकारची धरणे म्हटली की डोळ्यांपुढे जी अवाढव्य काँक्रीटची बांधकामे येतात, त्यांच्यापुढे हे अगदीच किरकोळ आहे. त्याच्या वरच्या अंगाचे पाणलोट क्षेत्र 105 चौरस मैल, म्हणजे रशियन नदीच्या संपूर्ण खोऱ्याच्या सुमारे 7 टक्के.

एवढ्या छोट्या धरणावर खालची मोठी वस्ती अवलंबून आहे. युकाया, हॉपलंड, क्लोव्हरडेल, हील्ड्सबर्ग ही नदीकाठची गावे, मधल्या पट्ट्यातील द्राक्षबागा आणि नदीतील मासे यांचे उन्हाळ्याचे पाणी प्रामुख्याने इथून येते. हील्ड्सबर्गजवळ ड्राय क्रीक हा प्रवाह नदीला मिळतो आणि त्याच्यावरच्या सोनोमा या कितीतरी मोठ्या तलावाचे पाणी तिथून पुढे उपलब्ध होते. मात्र त्या संगमाच्या वरच्या सर्वांना मेंडोसिनो तलावाखेरीज दुसरा मोठा साठा नाही.

धरण संघराज्य सरकारचे असले तरी त्यातले सगळे पाणी त्या सरकारचे नाही. बांधकामाच्या खर्चात स्थानिक वाटा म्हणून सोनोमा परगण्याने सुमारे 56 लाख डॉलर भरले. त्या बदल्यात पाणीपुरवठ्याच्या साठ्यावरचा मुख्य हक्क सोनोमाच्या जलसंस्थेकडे आला. ही संस्था आज सोनोमा वॉटर या नावाने ओळखली जाते आणि सोनोमा व मरीन या परगण्यांतील सहा लाखांहून अधिक लोकांना पाणी पुरवते. ज्या मेंडोसिनो परगण्याच्या जमिनीवर तलाव उभा राहिला, त्याच्या वाट्याला वर्षाला केवळ 8,000 एकर-फूट आले. पाणी आपल्या दारात आणि हक्क खालच्या परगण्याकडे, ही रुखरुख मेंडोसिनोत आजही ऐकू येते, आणि महाराष्ट्रातल्या धरणग्रस्त तालुक्यांतील वाचकाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

साठ्याचे नियंत्रणही दोघांत विभागलेले आहे. तलावाची पातळी ठरावीक रेषेच्या खाली असते तेव्हा किती पाणी सोडायचे हे सोनोमा वॉटर ठरवते. पातळी त्या रेषेच्या वर गेली की निर्णय आर्मी कोअरच्या हातात जातो आणि तेव्हा एकच उद्दिष्ट उरते, ते म्हणजे पुरासाठीची जागा लवकरात लवकर रिकामी करणे. मूळ सूचीत ती रेषा वर्षभर एकाच जागी नसते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ती 68,400 एकर-फुटांवर असते. मार्चपासून ती हळूहळू चढते आणि मे महिन्यात 1,11,000 एकर-फुटांवर पोहोचते. हिवाळी आणि उन्हाळी मर्यादांमधला हा फरक जवळजवळ एका खडकवासला धरणाइतका आहे.

इथे कॅलिफोर्नियाच्या हवामानाची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, नाहीतर या सूचीतली अडचण कळत नाही. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा असतो. त्यामुळे पुराचा धोका आणि साठवणुकीची संधी एकाच काळात येतात. आपल्याकडेही जून ते सप्टेंबर हीच स्थिती असते, पण पावसाळा सरत येईल तसतशी धरणे भरत नेता येतात, कारण शेवटच्या टप्प्यातही बऱ्यापैकी आवक अपेक्षित असते. रशियन नदीच्या खोऱ्यात तशी खात्री नाही. मोठा पाऊस डिसेंबरात येऊन जातो आणि मार्च कोरडा जातो, असे अनेकदा घडते. अशा वर्षी सूची सांगते की मार्चपासून साठवा, आणि मार्चमध्ये साठवायला काही नसते.

दुसऱ्या नदीचे पाणी

या धरणाची आणखी एक गुंतागुंत त्याच्या भिंतीपासून बरीच दूर आहे. उत्तरेला ईल नावाची वेगळी नदी वाहते. 1908 पासून एका बोगद्यातून तिचे पाणी डोंगराच्या पलीकडे पॉटर व्हॅलीत आणले जात होते. उद्देश वीजनिर्मितीचा होता. बोगद्यातून उतरणाऱ्या पाण्यावर सुमारे 9 मेगावॉटचे छोटे वीजघर चालत असे. वीज तयार करून झाल्यावर ते पाणी रशियन नदीच्या पूर्व शाखेत पडायचे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला ईल नदीवर स्कॉट धरण बांधून पिल्सबरी तलाव तयार झाला आणि उन्हाळ्यातही पाणी येऊ लागले. पॉटर व्हॅलीतील शेती आणि खालच्या द्राक्षबागा या आयत्या पाण्यावर वाढल्या.

कायोटी व्हॅली धरणाचे नियोजन झाले तेव्हा हे पाणी कायमचे आहे असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात ते एका खासगी वीजकंपनीच्या, म्हणजे पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकच्या, परवान्यावर अवलंबून होते. ईल नदीतील सॅमन आणि स्टीलहेड मासे घटत गेल्यावर 2004 मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि त्यानंतर बोगद्यातून येणारे पाणी पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आले. मेंडोसिनो तलावाची परिचालन सूची मात्र जुन्या, भरपूर आवक असलेल्या काळातलीच राहिली. माझ्या मते 2013 च्या टंचाईचे खरे मूळ इथे आहे: आवक बदलली होती, पण आवकीच्या भरवशावर लिहिलेले पुस्तक तसेच होते.

याहून विचित्र तरतूद नदीत किती प्रवाह ठेवायचा याविषयीच्या आदेशात होती. कॅलिफोर्नियाच्या राज्य जलमंडळाने 1986 मध्ये दिलेल्या 1610 क्रमांकाच्या निर्णयाने वर्षाचे तीन प्रकार केले: सामान्य, कोरडे आणि अतिकोरडे. वरच्या रशियन नदीत सामान्य वर्षी एप्रिल ते ऑगस्ट 185 क्युसेक, कोरड्या वर्षी 75 आणि अतिकोरड्या वर्षी 25 क्युसेक इतका किमान प्रवाह ठेवणे बंधनकारक झाले. कोणते वर्ष कोणत्या प्रकारचे हे मात्र पिल्सबरी तलावात आलेल्या पाण्यावरून ठरायचे, आणि तो तलाव दुसऱ्याच नदीवर, डोंगराच्या पलीकडे आहे. ईलच्या खोऱ्यात बरा पाऊस झाला की कागदावर वर्ष सामान्य ठरायचे आणि मेंडोसिनो तलाव आटत असतानाही त्यातून 185 क्युसेकचा प्रवाह टिकेल इतके पाणी सोडावे लागायचे. 2013 नंतर सोनोमा वॉटरला जवळजवळ दरवर्षी राज्य जलमंडळापुढे तातडीचा अर्ज करून तात्पुरती सवलत मागावी लागली. जी तातडी दरवर्षी येते ती तातडी राहत नाही. मूळ आदेशच परिस्थितीपासून सुटलेला आहे, याचा तो पुरावा होता.

अंदाजावर धरण चालवता येईल का

2014 मध्ये एक सुकाणू समिती स्थापन झाली. तिचे सहअध्यक्ष होते सोनोमा वॉटरचे मुख्य अभियंता जे जॅस्पर्स आणि सॅन डिएगोच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील हवामानशास्त्रज्ञ मार्टी राल्फ. आर्मी कोअर, राष्ट्रीय हवामान सेवेची मातृसंस्था नोआ, भूगर्भ सर्वेक्षण संस्था आणि राज्याचा जलसंपदा विभाग हे सगळे एका टेबलावर आले. त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा होता: डिसेंबरात तलाव रेषेच्या वर भरला आणि पुढचे काही दिवस मोठा पाऊस नाही हे खात्रीने सांगता आले, तर ते पाणी सोडून देण्याची गरज काय?

उत्तर इतके सोपे नव्हते, कारण आर्मी कोअरची जुनी शिस्त अशी की निर्णय जमिनीवर पडलेल्या पाण्यावर घ्यायचा, आकाशातल्या पाण्यावर नाही. ही शिस्त मूर्खपणाची नव्हती. सूची जेव्हा लिहिली गेली तेव्हा हवामानाचा अंदाज एक-दोन दिवसांपलीकडे फारसा विश्वासार्ह नव्हता, आणि धरणाखाली राहणाऱ्या माणसांचा जीव त्या अंदाजावर टांगणे योग्य नव्हते. प्रश्न होता तो अंदाज आता पुरेसा सुधारला आहे का, आणि याच खोऱ्यात सुधारला आहे का.

रशियन नदीच्या बाबतीत अभ्यासकांना एक अनुकूल गोष्ट मिळाली. तिथला जवळजवळ प्रत्येक मोठा पूर एकाच प्रकारच्या हवामानातून येतो. प्रशांत महासागरावरून बाष्पाचा एक लांबच लांब, अरुंद पट्टा किनाऱ्याकडे सरकतो, डोंगरांवर आदळतो आणि एक-दोन दिवसांत प्रचंड पाऊस पाडतो. शास्त्रज्ञ त्याला वातावरणीय नदी म्हणतात. पूर आणणारा शत्रू एकच असेल तर त्याच्यावर नजर ठेवणे शक्य होते. हवाई दलाची विमाने महासागरावर जाऊन त्या पट्ट्यांमध्ये उपकरणे सोडू लागली, आणि बाष्प किती, वारा किती, पट्टा कुठे आदळेल याची माहिती अंदाजाच्या प्रारूपांत जाऊ लागली. पट्टा येणार नाही हे सांगणे, तो नेमका कुठे येईल हे सांगण्यापेक्षा सोपे असते. आणि पाणी राखून ठेवायला नेमकी हीच नकारात्मक खात्री लागते.

परिचालनासाठी एकच अंदाज वापरला गेला नाही, आणि मला या पद्धतीतला हा सर्वात शहाणा भाग वाटतो. नदी अंदाज केंद्र पुढच्या 15 दिवसांसाठी आवकीच्या अनेक शक्यता एकाच वेळी काढते. त्यांतल्या किती शक्यतांमध्ये तलाव धोक्याच्या पातळीवर जातो हे मोजले जाते, आणि तो वाटा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढला की पाणी सोडण्याचा सल्ला मिळतो. दूरच्या दिवसांसाठी धोका थोडा अधिक सोसता येतो, कारण निर्णय बदलायला वेळ असतो. जवळच्या दिवसांसाठी मर्यादा कडक होत जाते. अंतिम निर्णय यंत्र घेत नाही. तो आर्मी कोअरच्या अधिकाऱ्याकडेच राहतो. हॉपलंडजवळ नदीचा प्रवाह 8,000 क्युसेकच्या वर जाऊ नये असे विसर्ग ठरवण्याची जुनी अटही कायम राहिली. त्यामुळे पाणी राखणे म्हणजे नंतर घाईने सोडणे असे होऊ शकत नव्हते; राखलेले पाणी हळूहळू, खालच्या काठांना न दुखावता सोडता आले पाहिजे, एवढा वेळ अंदाजाने द्यायला हवा होता.

2017 मध्ये प्राथमिक मूल्यमापन झाले आणि आर्मी कोअरने 2018-19 च्या हिवाळ्यासाठी सूचीपासून ढळण्याची औपचारिक परवानगी दिली. हिवाळी रेषेच्या वर 11,650 एकर-फूटपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा टीएमसी, पाणी अंदाज बघून राखता येणार होते. पहिल्याच हिवाळ्यात परीक्षा झाली. फेब्रुवारी 2019 च्या अखेरीस एका वातावरणीय नदीने खोऱ्याला झोडपले आणि खालच्या अंगाच्या गर्नव्हिल गावात नदी 45 फुटांच्या वर चढली; 1995 नंतर तिथे एवढे पाणी आले नव्हते. तो पूर मुख्यतः धरणांच्या खालच्या, अनियंत्रित उपनद्यांचा होता. मेंडोसिनो तलावाच्या वर खोऱ्याचा केवळ 7 टक्के भाग आहे हे वर सांगितलेच. खालच्या गावांना या धरणाकडून पुराची मोठी हमी मिळत नाही, हे वास्तव त्या पुराने पुन्हा दाखवले.

त्यानंतरचे वर्ष उलट टोकाचे निघाले. 2019-20 चा हिवाळा खोऱ्याच्या नोंदीतील सर्वात कोरड्यांपैकी एक होता. जुन्या सूचीप्रमाणे चालले असते तर सुरुवातीचे पाणी सोडून द्यावे लागले असते. अंदाजाच्या आधारे ते राखल्यामुळे तलावात 11,175 एकर-फूट जास्त पाणी उरले, म्हणजे एरवी जेवढे उरले असते त्याच्यापेक्षा 19 टक्के अधिक. लिटरमध्ये मोजायचे तर सुमारे 1,378 कोटी लिटर. एकही नवीन दगड न रचता मिळालेले हे पाणी मेंडोसिनो परगण्याच्या वार्षिक हक्कापेक्षा मोठे होते. 2021 च्या सुरुवातीला अंतिम मूल्यमापन प्रसिद्ध झाले, पुढच्या पाच वर्षांसाठी तशीच परवानगी मिळाली, आणि हीच पद्धत दक्षिण कॅलिफोर्नियातील प्राडो धरण आणि उत्तरेतील युबा व फेदर नद्यांवरच्या धरणांसाठी तपासली जाऊ लागली.

2021

या यशाच्या कहाणीवर थांबणे सोयीचे झाले असते, पण ते अप्रामाणिक ठरले असते. 21 एप्रिल 2021 रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम याच तलावाच्या कोरड्या, भेगाळलेल्या तळावर उभे राहिले आणि त्यांनी मेंडोसिनो व सोनोमा परगण्यांसाठी दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली. ज्या तलावात नवीन शास्त्राने पाणी वाचवले होते तोच तलाव वर्षभरात आटला होता. अंदाज पाणी राखू शकतो, पाडू शकत नाही. सलग दोन हिवाळे कोरडे गेल्यावर राखण्यासारखे काही येतच नाही. त्यातच 2021 मध्ये पॉटर व्हॅलीच्या वीजघराचा रोहित्र निकामी झाला, वीजनिर्मिती थांबली, आणि तिच्या निमित्ताने बोगद्यातून येणारे पाणी आणखी घटले.

त्या उन्हाळ्यात पाण्याची वाटणी कशी होते हे उघडे पडले. कॅलिफोर्नियात बऱ्याच अंशी ज्याने आधी नदीचे पाणी वापरायला सुरुवात केली त्याचा हक्क आधी, असे तत्त्व आहे. राज्य जलमंडळाने वरच्या रशियन नदीवरील शेकडो हक्कधारकांना उपसा थांबवण्याचे आदेश दिले. नव्या हक्कांवर आधी गदा आली, मग जुन्यांवर. तलावाच्या अगदी शेजारच्या रेडवुड व्हॅलीची अवस्था सर्वात वाईट होती. तिथल्या जलमंडळाला तलावावर स्वतःचा हक्क नाही. दुसऱ्यांचे पाणी शिल्लक राहिले तर ते विकत घ्यायचे, एवढीच त्याची सोय. 2021 मध्ये तिथे शेतीला पाणी पूर्ण बंद झाले आणि घरगुती वापरावर माणशी दिवसाला 55 गॅलनची, म्हणजे सुमारे 208 लिटरची, मर्यादा आली.

युकाया शहर त्याच खोऱ्यात, त्याच दुष्काळात, बऱ्यापैकी सावरले. शहराने आधीच्या काही वर्षांत सांडपाणी शुद्ध करून ते द्राक्षबागांना व उद्यानांना देणारी वेगळी वाहिनी टाकली होती आणि भूजलाच्या विहिरींची सोय करून ठेवली होती. त्यामुळे नदीतून कमी उपसून भागले, इतकेच नव्हे, तर समुद्रकाठच्या मेंडोसिनो गावाच्या विहिरी आटल्यावर युकायाने तिकडे टँकरने पाणी पाठवले. धरणाच्या परिचालनाइतकाच हा भाग या प्रकरणात वजनदार आहे, असे मी म्हणेन. एकाच स्रोतावर बसलेले गाव आणि तीन स्रोत हाताशी असलेले गाव यांच्यात धरण भरले असताना फरक दिसत नाही.

2022 मध्ये आणखी एक गोष्ट घडली. वरच्या खोऱ्यातील काही जुन्या हक्कधारकांनी स्वतःहून आपला उपसा कमी करून नव्या हक्कधारकांना वाटा देण्याची स्वेच्छा योजना तयार केली आणि राज्य जलमंडळाने ती मान्य केली. कायद्याने ज्याला शेवटच्या थेंबापर्यंत पाणी मिळाले असते त्याने शेजाऱ्यासाठी हात आखडता घ्यावा, हे पाण्याच्या भांडणांत फार क्वचित पाहायला मिळते. त्यामागे हिशेबही होता: आज ज्याचा हक्क जुना आहे तोही आणखी एका कोरड्या वर्षात आदेशाच्या टप्प्यात येऊ शकत होता.

मासे

नदीतले मासे या प्रकरणात कायद्याचे पक्षकार आहेत. कोहो सॅमन संकटग्रस्त आणि चिनूक सॅमन व स्टीलहेड धोक्यात असलेल्या जाती म्हणून संघराज्याच्या यादीत आहेत. धरणाने स्टीलहेडचा वरच्या ओढ्यांचा रस्ता कायमचा बंद केला. त्याच्या बदल्यात 1992 पासून पायथ्याशी एक मत्स्यकेंद्र चालते. 2008 मध्ये संघराज्याच्या मत्स्य विभागाने एक मत दिले, ज्याने अनेकांच्या समजुतीला धक्का बसला: उन्हाळ्यात वरच्या नदीत आणि ड्राय क्रीकमध्ये सोडले जाणारे पाणी पिलांसाठी जास्त होते. वेगवान प्रवाहात लहान स्टीलहेडला थांबायला जागा मिळत नाही. म्हणजे 1610 च्या निर्णयातला 185 क्युसेकचा प्रवाह तलाव आटवत होता आणि माशांनाही सोसत नव्हता. दुसरीकडे चिनूक शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, समुद्रातून वर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी तलाव वर्षातल्या सर्वात खालच्या पातळीवर असतो. पाण्याचा एकूण आकडा पुरेसा असून भागत नाही. ते कोणत्या महिन्यात उरले आहे यावर माशाचे जगणे ठरते. हिवाळ्यात राखलेले पाणी ऑक्टोबरपर्यंत पोहोचते की जूनमध्येच संपते, हा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

द्राक्षबागांचाही यात एक कोपरा आहे. वसंतातल्या थंड पहाटे कोवळे फुटवे गोठून मरू नयेत म्हणून शेतकरी तुषार सिंचन चालू करतात. अनेक पंप एकाच वेळी सुरू झाले की नदीची पातळी काही तासांत खाली जाते. एप्रिल 2008 मध्ये अशाच एका थंडीच्या लाटेत हॉपलंडजवळ माशांची पिले उघड्या गोट्यांवर अडकून मेली. त्यातून वाद, नियम आणि पुढे अनेक शेतांवर साठवण तलाव आले, जे आधी सावकाश भरून ठेवता येतात. तलावातून सोडलेले पाणी दिवसाच्या सरासरीत बरोबर दिसत असले, तरी पहाटे चारला नदीत किती आहे हे वेगळे मोजावे लागते, हे त्या घटनेने शिकवले.

पुढचा प्रश्न

पॉटर व्हॅली प्रकल्पाचा परवाना 2022 मध्ये संपला आणि वीजकंपनीने तो सोडून देण्याचे ठरवले. छोट्या वीजघरातून खर्च भागत नव्हता, आणि भूकंपाचा धोका सांगून कंपनीने 2023 मध्ये स्कॉट धरणात पूर्ण साठा करणेही थांबवले. जुलै 2025 मध्ये परवाना परत करण्याचा आणि ईल नदीवरची दोन्ही धरणे काढण्याचा औपचारिक अर्ज दाखल झाला. त्याआधी फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्ही खोऱ्यांतील पक्षांनी, म्हणजे सोनोमा वॉटर, मेंडोसिनोच्या संस्था, हम्बोल्ट परगणा, राउंड व्हॅलीतील मूलनिवासी जमाती, मत्स्यसंस्था आणि राज्याचा वन्यजीव विभाग यांनी, एक सामंजस्य करार केला. त्यानुसार ईलमधून पाणी वळवण्याची नवी सोय उभी राहील, पण पाणीहक्क राउंड व्हॅलीच्या जमातींकडे राहील, रशियन खोऱ्यातील वापरकर्ते त्यांना मोबदला देतील, आणि पाणी वळवले जाईल ते नदीला भरपूर प्रवाह असताना, म्हणजे मुख्यतः हिवाळ्यात.

शंभराहून अधिक वर्षे ज्यांचे पाणी विनामूल्य डोंगरापार गेले त्यांना त्याची मालकी आणि मोबदला मिळणे, हे मला न्याय्य वाटते. पण कायोटी व्हॅली धरणापुढे त्यातून फार कठीण काम उभे राहते. आतापर्यंत ईलचे पाणी उन्हाळ्यातही ठिबकत येत होते. यापुढे ते हिवाळ्यात येईल, म्हणजे नेमके त्या महिन्यांत, जेव्हा मूळ सूची तलाव रिकामा ठेवायला सांगते. अंदाजाधारित परिचालन आजवर जास्तीची सोय होती. आता त्याशिवाय हिवाळी पाणी साठवायला जागाच उरणार नाही. पॉटर व्हॅलीतील शेतकऱ्यांना तर त्याचाही उपयोग नाही, कारण ते धरणाच्या वर आहेत आणि तलावात साठलेले पाणी त्यांच्याकडे उलटे चढवावे लागेल.

म्हणून भिंत उंच करण्याचा जुना विचार पुन्हा पुढे आला आहे. मूळ आराखड्यातच दुसऱ्या टप्प्यात धरण वाढवण्याची कल्पना होती आणि आर्मी कोअरबरोबर तिचा अभ्यास हाती घेण्यात आला आहे. त्याचा स्थानिक वाटा उचलायला पोमो लोकांच्या लिटन रांचेरिया या जमातीनेही हातभार लावला. याच धरणासाठी 1950 च्या दशकात कायोटी व्हॅलीतील पोमो समुदायाची शंभर एकरांची वसाहत आर्मी कोअरने घेतली होती, आणि त्या वसाहतीवर आज तलावाचे पाणी आहे. पातळी वाढवायची ठरली तर काठावरची आणखी जमीन बुडेल. ती कोणाची, आणि या वेळी त्या माणसांना निर्णयाच्या टेबलावर आधी बसवले जाईल की नंतर कळवले जाईल, हे त्या अभ्यासाच्या पहिल्या प्रकरणात लिहिले जायला हवे.